मुक्तस्रोत प्रकल्पाच्या संकेतस्थळासाठी जाहिरात धोरण : लिहिण्यापासून राबवण्यापर्यंत

मार्च २००५मध्ये वर्डप्रेस या, संकेतस्थळे उभारण्याच्या मुक्तस्रोत (म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर, वर्डप्रेसशी काडीचाही संबंध नसलेले एक लाखाहून अधिक लेख सापडले. विमा, कर्ज, ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार अशा, जाहिरातींना चढा भाव मिळवून देणाऱ्या विषयांवरचे ते लेख होते. मुखपृष्ठावरून त्यांच्याकडे जाणारे दुवे माणसाला दिसणार नाहीत, पण शोधयंत्रांना सापडतील, अशा बेताने ठेवले होते. त्यातून मिळणारा पैसा प्रकल्पाच्या खर्चासाठी होता. तरीही गूगलने ती पाने आपल्या यादीतून काढली, लेख हटवावे लागले आणि संस्थापकाला जाहीर खुलासा करावा लागला. हा व्यवहार समुदायासमोर आधी मांडलाच गेला नव्हता, आणि तसा तो मांडावा असा कोणताही लेखी नियमही नव्हता.

जाहिरात धोरण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘मद्य, जुगार, तंबाखू यांच्या जाहिराती चालणार नाहीत’ अशी यादी येते. ती यादी लागतेच, पण ती सर्वांत सोपी बाब आहे. खरे प्रश्न तीन आहेत: होकार कोण देणार, जाहिरात कुठे कधीच दिसणार नाही, आणि आलेला पैसा कुणाला दिसणार. या तिन्हींची उत्तरे पहिला जाहिरातदार दारात येण्यापूर्वी लिहून झालेली असावीत, कारण समोर ठरावीक रक्कम आल्यानंतर लिहिलेले धोरण त्या रकमेच्या मापानेच बेतले जाते. पुढील पायऱ्या याच क्रमाने घेतल्या आहेत. लहान प्रकल्पांनी, उदाहरणार्थ एखादा मराठी टंक किंवा कळफलक मुक्त परवान्याने देणाऱ्या चार-सहा जणांच्या गटानेही, त्या गाळू नयेत. फक्त मजकूर आटोपशीर ठेवावा.

पायरी १ : निर्णयाचा अधिकार कुणाचा, ते आधी ठरवा

डोमेन कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे, बँक खाते कुणाचे आहे आणि प्रकल्पाच्या नावाचे व्यापारचिन्ह कुणी नोंदवले आहे, या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा. बहुतेक लहान प्रकल्पांत चारही ठिकाणी एकाच व्यक्तीचे नाव येते, आणि जाहिरातीचा प्रस्तावही नेमका त्याच व्यक्तीच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतो. ती व्यक्ती कितीही सचोटीची असली, तरी ज्या विश्वासाच्या बळावर ती जागा विकली जाते, तो विश्वास कोड लिहिणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी आणि नवख्यांच्या शंका निरसणाऱ्यांनी मिळून कमावलेला असतो. म्हणून तांत्रिक ताबा आणि निर्णयाचा अधिकार हे धोरणात वेगळे करा.

किमान तीन जणांची समिती नेमा. तिच्यातील एक सदस्य तरी प्रकल्पातून पगार किंवा मानधन न घेणारा असावा. ज्या सदस्याची नोकरी किंवा व्यवसाय जाहिरातदाराशी जोडलेला असेल, त्याने ती बाब उघड करून त्या निर्णयापुरते बाजूला राहावे. नकाराधिकाराचा नियमही आत्ताच ठरवा. माझे मत असे की होकाराला बहुमत पुरेसे मानू नये. एका सदस्याचाही लेखी, सकारण आक्षेप असेल, तर प्रस्ताव समुदायापुढे चर्चेला जावा. यामुळे काही प्रस्ताव हातचे जातात, हे मान्य करूनच मी हे सुचवतो आहे.

पायरी २ : जाहिरात मुळात हवी आहे का?

वर्षभराचा खर्च मांडा: डोमेन, सर्व्हर, ईमेल सेवा, विंडोज आणि मॅकसाठी सॉफ्टवेअरवर सही करण्याची प्रमाणपत्रे, वार्षिक भेटीचा प्रवासखर्च. यांपैकी किती गोष्टी पैशांऐवजी सेवेच्या रूपाने मिळू शकतात, ते पाहा. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांना सर्व्हरची सोय करून देत आली आहे. पायथन या संगणकभाषेच्या पॅकेजांचे (तयार कोडच्या गठ्ठ्यांचे) भांडार असलेल्या पायपीआयचे वितरण फास्टली या कंपनीने देऊ केलेल्या सेवेवर चालते. खर्चाचा मोठा वाटा असा भागत असेल, तर उरलेल्या थोड्या रकमेसाठी प्रत्येक पानावर जाहिरात लावण्यात फारसा अर्थ नाही. त्यातही तांत्रिक विषयांचा वाचकवर्ग जाहिरातरोधक वापरण्यात इतरांच्या पुढे असतो, त्यामुळे जाहिरात-जाळ्यांचे (अनेक संकेतस्थळांना जाहिराती आपोआप पुरवणाऱ्या कंपन्यांचे) विक्रेते दाखवतात ते आकडे निम्म्याहून कमी धरूनच हिशेब करावा.

जाहिरातीची नुसती कुणकुणही समुदाय फोडू शकते, याचे उदाहरण मुक्त ज्ञानाच्या शेजारच्याच आळीत आहे. फेब्रुवारी २००२मध्ये, विकिपीडियावर पुढे जाहिराती येण्याची शक्यता बोलून दाखवली गेली, एवढ्यावर स्पॅनिश विकिपीडियाच्या बऱ्याच संपादकांनी मजकूर उचलून ‘एन्सिक्लोपेडिया लिब्रे’ नावाचा वेगळा ज्ञानकोश उभा केला. मुक्त परवान्याने तसा हक्क त्यांना दिलेलाच होता. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरलाही हेच लागू आहे: नाराज योगदानकर्ते केवळ निघून जात नाहीत, ते प्रकल्पाची प्रत सोबत घेऊन जाऊ शकतात.

‘जाहिरात नको’ असा निर्णय झाला तरी धोरण लिहावेच. ‘आम्ही जाहिरात घेत नाही, देणगी आणि प्रायोजकत्व या नियमांनी घेतो’ असे एक पान असले, की प्रस्तावांना उत्तर देणे सोपे होते.

पायरी ३ : जाहिरात कशाला म्हणायचे, याची व्याख्या

ही पायरी धीराने करा, कारण पुढचे बहुतेक वाद व्याख्येतल्या फटींतूनच निघतात. सशुल्क फलक म्हणजे जाहिरात, यावर कुणाचेच दुमत नसते. अडचण इतर प्रकारांची असते: पुस्तकाच्या किंवा होस्टिंग सेवेच्या दुव्यामागे मिळणारे कमिशन, पैसे घेऊन छापलेला ‘पाहुणा लेख’, प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्यांची यादी, आधीपासून निवडलेल्या शोधयंत्राबद्दल मिळणारी रक्कम, आणि प्रायोजकांची बोधचिन्हे. शोधयंत्राच्या करारांना कुणी जाहिरात म्हणत नाही, पण फायरफॉक्स हा न्याहाळक बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षे अशाच करारांतून आलेला आहे. म्हणून व्याख्या दिसण्यावरून करू नका, मोबदल्यावरून करा. मोबदला पैशाचा असो, सेवेचा असो वा सवलतीचा, त्याच्या बदल्यात संकेतस्थळावर, सॉफ्टवेअरमध्ये किंवा प्रकल्पाच्या नावाने जे काही ठेवले, दाखवले वा सुचवले जाते, ते सर्व या धोरणाच्या कक्षेत येते, अशा शब्दांत ती लिहावी.

त्या कक्षेत मग दोन वर्ग पाडा: आभारदर्शक उल्लेख आणि जाहिरात. या विभागणीसाठी अमेरिकेच्या करकायद्यातील कसोटी कुठल्याही देशातल्या प्रकल्पाला उपयोगी पडावी इतकी नेमकी आहे. १९९७च्या दुरुस्तीनंतर तिथल्या धर्मादाय संस्थांना प्रायोजकाचे नाव, बोधचिन्ह, पत्ता आणि संकेतस्थळाचा दुवा देता येतो आणि ती रक्कम करपात्र व्यावसायिक उत्पन्नात धरली जात नाही. मात्र मजकुरात गुणवर्णन, इतरांशी तुलना, किंमत, शिफारस किंवा ‘आजच घ्या’ असे आवाहन आले, की ती जाहिरात होते. किती लोकांनी पाहिले यावर रक्कम अवलंबून असेल, तरीही ती सूट मिळत नाही. म्हणजे क्लिकमागे मोबदला हा आभारदर्शक उल्लेखात बसतच नाही. तुमचा प्रकल्प सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी किंवा सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट यांसारख्या, अनेक प्रकल्पांचे पैसे आणि कायदेशीर बाबी सांभाळणाऱ्या अमेरिकी छत्रसंस्थेखाली असेल, तर या बाबतीत त्या संस्थेचे म्हणणे आधी विचारा.

पायरी ४ : जागा — काय कुठे कधीच दिसणार नाही

संपूर्ण धोरणात एकच कलम ठेवायचे झाले, तर ते हे असावे: डाउनलोडच्या पानावर तृतीय पक्षाची कोणतीही जाहिरात असणार नाही.

त्यामागे सोर्सफोर्जचा अनुभव आहे. एकेकाळी मुक्तस्रोत प्रकल्पांचे ते सर्वांत मोठे ठिकाण होते. तिथल्या डाउनलोड पानांवर ‘डाउनलोड’ असे लिहिलेल्या मोठ्या बटणांच्या जाहिराती दिसत, आणि नवख्या माणसाला खरे बटण कोणते ते कळत नसे. जुलै २०१३मध्ये कंपनीने ‘डेव्हशेअर’ नावाची योजना आणली. तीत सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरसोबत इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर पुढे केली जात आणि उत्पन्नाचा वाटा प्रकल्पाला मिळे. नोव्हेंबर २०१३मध्ये गिंप या चित्रसंपादन प्रकल्पाने फसव्या बटणांचे आणि या इन्स्टॉलरचे कारण देऊन आपली विंडोज आवृत्ती तिथून हलवली. मे २०१५मध्ये त्यावर कडी झाली: गिंपने सोडून दिलेल्या पानाचा ताबा सोर्सफोर्जने स्वतःकडे घेतल्याचे आणि तिथून जोडसॉफ्टवेअरसह इन्स्टॉलर दिला जात असल्याचे उघड झाले. २०१६च्या आरंभी कंपनीची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी फेब्रुवारीत ती योजना बंद केली. पण तोवर अनेक प्रकल्पांनी आपला मुक्काम दुसरीकडे हलवला होता.

यात लक्षात घेण्याजोगे असे की फसवे बटण कुणी एका माणसाने बसून मंजूर केलेले नसते. जाहिरात-जाळ्याची स्क्रिप्ट पानावर असली, की कोणत्या क्षणी कोणता फलक येईल हे संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय ज्या पानावरून लोक चालवण्याजोगी फाइल उतरवून घेतात, तिथे परक्याची स्क्रिप्ट असणे हा सुरक्षेचा प्रश्नही आहे, कारण अशी स्क्रिप्ट पानावरचा दुवाच बदलू शकते.

डाउनलोडखेरीज आणखी काही जागा वगळाव्यात: सुरक्षाविषयक सूचनांची पाने, लॉगिन आणि नोंदणीची पाने, देणगीचे पान आणि दोष नोंदवण्याची यंत्रणा. दस्तऐवजांच्या पानांवर जाहिरात घ्यायची असल्यास पानामागे एक, मजकुराच्या प्रवाहाबाहेर, न हलणारी, आवाज न करणारी आणि ‘जाहिरात’ हा शब्द ठळकपणे वर असलेली, इतकीच मुभा द्यावी. ‘पुरस्कृत’, ‘भागीदार’, ‘सुचवलेले’ असे मऊ शब्द वापरू नयेत. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या रचना सांगितल्या आहेत. मजकुरासारखी किंवा वापरकर्त्याने लिहिल्यासारखी भासवलेली जाहिरात ही त्यांपैकीच एक आहे.

पायरी ५ : सॉफ्टवेअरच्या आतली जाहिरात

धोरण संकेतस्थळापुरते लिहिले, तर पुढचा प्रस्ताव नेमका सॉफ्टवेअरच्या आतल्या जागेसाठी येतो. ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या उबुंटू या लिनक्स-आधारित संगणकप्रणालीच्या १२.१० आवृत्तीत, वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावर काही शोधले तरी तो शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जाई आणि ॲमेझॉनवरील वस्तू निकालांत दिसत. ही सोय मुळातच चालू असे. नको असेल त्याने शोधून बंद करायची. टीका वर्षानुवर्षे चालली आणि एप्रिल २०१६च्या १६.०४ आवृत्तीत ही सोय अखेर मुळातच बंद ठेवण्यात आली. ऑगस्ट २०१९मध्ये जावास्क्रिप्टच्या एका लोकप्रिय पॅकेजने इन्स्टॉल होताना टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) प्रायोजकाची जाहिरात दाखवून पाहिली. हेतू देखभाल करणाऱ्यांना मोबदला मिळावा हाच होता, पण गदारोळ एवढा झाला की प्रयोग काही दिवसांतच थांबला आणि जावास्क्रिप्ट पॅकेजांचे भांडार चालवणाऱ्या एनपीएमने अशा पॅकेजांना मनाई करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनपीएमने ‘फंड’ ही आज्ञा आणली. आपण वापरत असलेल्या पॅकेजांना आर्थिक मदत कुठे करायची, याची यादी वापरकर्त्याने स्वतः मागितल्यावर ती आज्ञा दाखवते.

यातून नियम असा निघतो: सॉफ्टवेअरच्या आत आर्थिक मदतीचे आवाहन चालेल, पण ते वापरकर्त्याने विचारल्यावर किंवा ‘विषयी’च्या खिडकीत, तृतीय पक्षाची जाहिरात चालणार नाही, आणि जाहिरातीसाठी वापरकर्त्याची कोणतीही माहिती संगणकाबाहेर जाणार नाही. वर्डप्रेसच्या प्लगिन (जोडसुविधा) संग्रहातही आज या धर्तीचे नियम आहेत: स्पष्ट परवानगीशिवाय वाचकांना दिसेल असा श्रेयदुवा टाकायचा नाही आणि व्यवस्थापनाचा पडदा (डॅशबोर्ड) प्रचाराने भरायचा नाही. २००५च्या प्रकरणानंतर त्याच प्रकल्पाकडून हे नियम यावेत, यात एक प्रकारचा न्याय आहे.

पायरी ६ : कुणाची जाहिरात

निषिद्ध वस्तूंची नेहमीची यादी एका परिच्छेदात उरका. वेळ द्यायचा तो आपल्या क्षेत्रातील अवघड प्रकारांना: तुमच्याच सॉफ्टवेअरशी स्पर्धा करणारी, पण आपला कोड खुला न करणारी कंपनी, परवान्याच्या अटी न पाळता तुमचा कोड विकणारी कंपनी, तुमच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतलेली सेवा, आणि प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांनी चालवलेली सल्लागार कंपनी. स्पर्धकाला सरसकट नकार द्यावा असे मला वाटत नाही, पण परवाना मोडणाऱ्याला आणि व्यापारचिन्ह वापरून संभ्रम माजवणाऱ्याला ठाम नकार असावा. वर्डकॅम्प या वर्डप्रेस संमेलनांच्या प्रायोजकांनाही परवाना आणि व्यापारचिन्ह पाळण्याची अट असते. देखभालकर्त्यांच्या कंपनीला इतरांइतकाच दर आणि तीच प्रक्रिया लागू असावी.

‘जाहिरात म्हणजे शिफारस नव्हे’ हे वाक्य धोरणात जरूर असावे, मात्र त्याआड लपू नये. वाचक ते वाक्य वाचत नाही. तो फक्त जाहिरात कोणत्या पानावर होती ते लक्षात ठेवतो.

पायरी ७ : तांत्रिक अटी

जाहिरातीचे चित्र आणि मजकूर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा आणि तृतीय पक्षाची स्क्रिप्ट व माग काढणाऱ्या कुकी नाकारा. असे करून उत्पन्न मिळत नाही, ही समजूत खरी नाही. मुक्तस्रोत प्रकल्पांचे दस्तऐवज विनामूल्य ठेवणाऱ्या रीड द डॉक्स या सेवेने नेमका हाच मार्ग घेतला. वाचक कोण आहे यावरून नव्हे, तर पान कोणत्या विषयाचे आहे यावरून तिथे जाहिरात निवडली जाते. पुढे तिने ‘एथिकल ॲड्स’ या नावाने ही पद्धत इतर संकेतस्थळांनाही खुली केली. सशुल्क दुव्यांच्या कोडमध्ये शोधयंत्रांसाठी असलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावावी. गूगलने ती २०१९मध्ये आणली आहे. जो जाहिरातदार ही खूण काढण्याचा आग्रह धरतो, त्याला वाचक नको असतात, शोधयंत्रातील वजन हवे असते. ‘पाहुणा लेख छापाल का’ असे विचारणारे बहुसंख्य ईमेल याच जातकुळीचे असतात.

या प्रकल्पांच्या वाचकांत शाळा-महाविद्यालयांतील मुले पुष्कळ असतात, हेही विसरू नये. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. माग न काढणारी जाहिरात निवडली, की वाचकाचे वय विचारण्याचा प्रश्नच उरत नाही.

पायरी ८ : पैसा आणि कायदा

भारतातील गटांसाठी इथे एक उलटी गंमत आहे. अमेरिकेत ‘ही जाहिरात नाही, आभार आहेत’ असे ठरणे संस्थेच्या सोयीचे असते. भारतात मात्र परदेशी कंपनीने दिलेली रक्कम देणगी ठरली, तर २०१०च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का, हा प्रश्न उभा राहतो. सेवेच्या बदल्यात नेहमीच्या व्यवहारात घेतलेले शुल्क हे त्या कायद्याने देणगीपासून वेगळे धरले आहे. पण ते शुल्क मानले, की वस्तू व सेवा कर आणि धर्मादाय संस्थेच्या व्यावसायिक उत्पन्नावरील मर्यादा यांचा विचार करावा लागतो. म्हणून रक्कम स्वीकारण्यापूर्वी ती कोणत्या नावाने स्वीकारतो आहोत, हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्या, आणि पावती, करार व संकेतस्थळावरील मजकूर या तिन्हींत तेच नाव ठेवा. व्यक्तिगत बँक खात्यात किंवा यूपीआयवर जाहिरातीचे पैसे घेऊ नयेत, रक्कम कितीही लहान असो.

दर जाहीर असावेत. डेबियन या लिनक्स-आधारित संगणकप्रणालीच्या प्रकल्पाने आपल्या ईमेल याद्यांसाठी केलेला नियम मासलेवाईक आहे: आधी सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेला १,००० डॉलर देणगी द्या आणि एक जाहिरात टाका, आधी देणगी न देता टाकलीत, तर १,९९९ डॉलरचे बिल येईल. आगंतुक जाहिरातबाजांना चाप लावण्यासाठी केलेला तो नियम आहे.

पायरी ९ : राबवणे

प्रस्ताव आला की तो नोंदवहीत चढवा, ठरलेल्या मुदतीत समितीसमोर ठेवा, आणि होकार असो वा नकार, कारण एका ओळीत लिहा. वर्षातून एकदा जाहिरातदारांची नावे, मिळालेली रक्कम आणि तिचा विनियोग प्रसिद्ध करा. ज्याला आपले नाव किंवा रक्कम गुप्त ठेवायची आहे, त्याची जाहिरात घेऊ नका. करार कमी मुदतीचे ठेवा. एकाच जाहिरातदाराकडून येणारी रक्कम वार्षिक खर्चाच्या किती भागापर्यंत चालेल, तेही आकड्यात लिहा. मी एक तृतीयांशाच्या पुढे जाणार नाही, कारण त्यापुढे ‘नाही’ म्हणणे परवडेनासे होते.

तक्रारीसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता हवा, आणि तक्रार आल्यावर जाहिरात आधी उतरवून मग चौकशी करण्याचा अधिकार कुणाही एका समिती सदस्याला हवा. करारात हे कलम पुढीलप्रमाणे घालता येईल: ‘प्रकल्पाची जाहिरात समिती कोणतीही जाहिरात, कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय उतरवू शकते. अशा वेळी न वापरलेल्या मुदतीचे शुल्क परत केले जाईल; याखेरीज कोणतीही भरपाई देय राहणार नाही. जाहिरातदाराला प्रकल्पाच्या तांत्रिक निर्णयांत, मजकुरात किंवा आवृत्त्यांच्या वेळापत्रकात कोणताही हक्क मिळत नाही.’ यातील परताव्याचे वाक्य गाळू नका. पैसे परत देण्याची तयारी लेखी असेल, तर समितीला जाहिरात उतरवताना खात्यातील शिलकीकडे पाहत बसावे लागत नाही. त्यासाठी मिळालेले शुल्क एकदम खर्ची न टाकता मुदत सरेल तसे वापरावे, अशी सूचना खजिनदाराला आधीच देऊन ठेवा.